तिसरी पिन

डिलाईल रोडच्या चाळीतला राजरत्न म्हणजे महाचिकित्सक. घरी कॉम्प्युटर जोडायचा म्हणून त्याने दुकानदारांचं डोकं खाल्लं. प्रोसेसर जुना चालेल, कॅबिनेट साधं पत्र्याचं चालेल, पण पॉवर सप्लाय भारीच हवा. "हलका घेतला तर एक दिवस सगळं जाळेल," तो ज्याला त्याला ऐकवायचा.

रविवारी त्याने सगळं स्वतः जोडलं. प्लग मात्र बसेना. प्लगला तीन पिना आणि भिंतीतल्या जुनाट बोर्डाला दोनच भोकं. मग चाळीत मिक्सरपासून फ्रीजपर्यंत सगळ्यांनी केलं होतं तेच त्याने केलं. पक्कड घेतली आणि अर्थिंगची जाड पिन मोडून टाकली.

कॉम्प्युटर झकास सुरू झाला. कॅबिनेटला हात लागला तशा बोटांना झिणझिण्या आल्या. "नवीन आहे, चावणारच," म्हणत तो हसला आणि रबरी चप्पल घालून बसला.

सोमवारी कामावर निघताना त्याने आईला, बकुळाबाईंना, बजावलं, "डाउनलोड चालू आहे, बंद करू नकोस. आणि धूळ बसू देऊ नकोस हं, मशीन खराब होतं."

दारातून त्याने कौतुकाने मागे पाहिलं. नुकत्याच पुसलेल्या ओल्या लादीवर बकुळाबाई अनवाणी उभ्या होत्या आणि बादलीतलं फडकं पिळत होत्या.