हळू बोलायचा दिवस

आमचे हे शाळेत इंग्रजी शिकवतात आणि घरी आल्यावरही शिकवतात. शाळेत निदान घंटा तरी होते.

दिवाळीच्या सुट्टीत ह्यांनी बोलण्याच्या इंग्रजी क्रियापदांचा तक्ता केला आणि समोरच्या खोलीत कॅलेंडरशेजारी ठोकला. व्हिस्पर, मर्मर, मटर, मंबल, ग्रंबल, शाउट, येल, आणखी काय काय. इंग्रज माणूस म्हणे तोंड उघडायच्या आधी ठरवतो, यातलं कोणतं वापरायचं. "आणि आपल्या इकडे?" हे म्हणाले. "एकच. वरडणं."

मला आलाच राग. म्हटलं, "अवो, पुटपुटणं, कुजबुजणं, खेकसणं, डाफरणं, बरळणं, हे काय मी माहेराहून आणलं? आन् तुमी रोज जे किटकिट करून राह्यले, ते कोन्त्या भाषेतलं?"

एवढ्याने गप्प बसतील तर ते मास्तर कसले? त्यांनी घरातल्या प्रत्येकाला तक्त्यातलं एकेक क्रियापद वाटून दिलं. मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, बेलो. बैलासारखं हंबरणे. सासूबाईंना ग्रंबल, कुरकुरणे. मला स्नॅप. त्याचा अर्थ वसकन अंगावर जाणे, असं सांगितलं, तेव्हा मी वसकन अंगावर गेले. स्वतःला मात्र त्यांनी स्पीक ठेवलं. नुसतं बोलणे. घरात बोलणारा माणूस एक, बाकी आम्ही सगळी गुरंढोरं.

हेही चालून गेलं असतं. पण त्याच सुट्टीत माझ्या नणंदेला पाहायला पाहुणे येणार होते. मुलगा केनवडचा, पुण्याला कंपनीत. नणंदेने भांडी घासता घासता मला सरळ सांगितलं होतं, "वहिनी, मले हाच पोरगा पायजे." मैत्रिणीच्या लग्नात तिने त्याला पंगतीत वरण वाढताना पाहिलं होतं. शेवटच्या पानावर एक म्हातारे बसले होते, कानाने अधू. वाढणारे सगळे त्यांना न विचारताच पुढे जात होते. ह्याने मांडवाच्या दुसऱ्या टोकावरून आवाज दिला, "आबाजी, वरन देऊ काय?" आणि आबाजींनी चटकन मान वर करून हसून हो म्हटलं. लोक मुलाचं रूप पाहतात, पगार पाहतात. ह्या पोरीने आवाज पाहिला! पण खरं सांगते, मला तिचं पटलं.

ह्यांना ते कुठलं माहीत? ह्यांनी आदल्या दिवशी सगळ्यांना तक्त्यासमोर बसवलं. "मुलगा पुण्यात राहतो. तिकडे लोक हळू बोलतात. उद्या घरात व्हिस्पर, फार तर मर्मर. त्याच्या वर कोणी जायचं नाही. नाहीतर सोयरीक गेली समजा." सोयरीक गेली म्हटल्यावर नणंदेचं तोंड एवढंसं झालं. तिच्याकडे पाहून मीसुद्धा मुकाट्याने मान हलवली.

झालं! दुसऱ्या दिवशी सकाळपासून घर चिडीचूप. मामाजींनी वावरातून हाक मारली तर किन्हीराजाच्या फाट्यावर धावती एसटी थांबावी, असा त्यांचा आवाज. ते ओसरीवर खाली मान घालून बसले. चहा पाहिजे होता तर कपाकडे बोट दाखवलं. सासूबाई पोहे निवडताना पदराच्या आड पुटपुटत होत्या.

आमच्या गल्लीत घर असं गप्प होतं ते एकाच कारणाने. शेजारच्या काकू डोक्यावर पदर घेऊन आल्या, भिंतीला टेकून बसल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "काहून वो माय, काही कमी-जास्त तं नाही ना झालं?" मी कानात सांगितलं, "नाही वो, पाहुणे येऊन राह्यले." मी कानात सांगते आहे म्हणजे काहीतरी लपवते आहे, असं त्यांना वाटलं. त्यांनी डोळे पुसले. त्यांच्या मागून आणखी दोघी आल्या आणि त्याही डोळे पुसायला लागल्या.

तेवढ्यात पाहुणे आले. अंगणात पदर घेतलेल्या बायका, ओसरीवर खाली मान घातलेला यजमान. मुलाच्या वडिलांनी चपला काढता काढता आवाज उतरवला. "सोयाबीन कसं काय औंदा?" मामाजी कुजबुजले, "बरं हाये." सोयाबीनबद्दल कुजबुजणारा शेतकरी त्या माणसाने जन्मात पाहिला नसावा. नणंद पोहे घेऊन आली. नाव, शिक्षण, सगळं तिने ओठातल्या ओठात सांगितलं. मुलाच्या आईने मला बाजूला घेतलं. "पोरीले काही तरास हाये काय? घरात कोनी बिमार हाये काय?" मी नाही म्हटलं, तेही हळूच. त्यांचा संशय पक्का झाला. मुलगा बिचारा बशीतले शेंगदाणे बाजूला सारत बसला होता.

चहा अर्धा टाकून मुलाचे वडील उठले. "बरं, फोनवर कळवतो."

फोनवर कळवतो म्हणजे काय, हे साऱ्या वाशिम जिल्ह्याला कळतं. मामाजींचे डोळे भरले. आमचे हे दारात हात जोडून, "प्लीज, प्लीज," एवढंच म्हणत होते, तेही मर्मरमध्ये. पाहुणे अंगणात उतरले.

आणि आतून आवाज आला. "थांबा!"

नणंद उंबरठ्यावर उभी होती. "कळवतो नाही, आताच सांगा. आमच्या घरात कोनी मेलं नाही, कोनी बिमार नाही. आमी रोज लय मोठ्यानं बोलतो, आज दादानं गप्प बसवलं. मले तुमचा पोरगा पसंत हाये. त्याले मी इचारून राह्यली, त्यानंच सांगावं."

मुलगा गेटापर्यंत पोचला होता. तो वळला, आणि त्याने तिथूनच, पंगतीत दिला होता तसा आवाज दिला, "मले बी पसंत हाये!"

मग मामाजी जे रडले, आणि जे हसले! सगळा सकाळचा साठलेला आवाज त्यांनी एकदम काढला. रडायला आलेल्या काकू साखर खाऊन गेल्या.

पाहुणे गेल्यावर हे तक्त्यासमोर उभे राहिले. बहिणीने केलं ते येल होतं की शाउट, ते ठरेना. मला विचारलं.

"ती बोलली," मी म्हटलं. "आज ह्या घरात ती एकटीच बोलली."