दहा बोटांना तीन दिवसांची रजा

अन्याय झाला तो माझ्या चुलत बहिणीवर, सारिकावर. लग्नानंतरच्या सहाव्या दिवशी, गुरुवारी दुपारी सव्वाचार वाजता, सासरच्या स्वयंपाकघरात. लग्नात नखांना लावलेलं जेल, म्हणजे दिव्याखाली वाळवलेलं ते चिवट नेलपॉलिश, भाकरीचं पीठ मळता मळता सुटायला लागलं, त्यातली एक चमकी सासऱ्यांच्या ताटात निघाली आणि नणंदेनं दाढीच्या ब्लेडनं उजव्या हाताची पाचही नखं खरवडून काढली. दुसऱ्या दिवशी त्याच हातानं तिला हरभऱ्याची भाजी खुडायला पाठवलं. हरभऱ्याच्या पाल्यावरची आंबट, झोंबरी आंब खरवडलेल्या नखाला लागल्यावर काय होतं, ते सारिकाच्या ओरडण्यावरून तीन शेतं पलीकडच्यांनाही कळलं.

अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात बाईच्या दहा बोटांची बाजू घेणारं एकच माणूस आहे, आणि ते वाशीत राहतं. ती माझी आत्या. घराच्या पुढच्या खोलीत तिचं पार्लर आहे: एक आरसा, दोन खुर्च्या आणि कायदे मात्र शंभर. जेल काढायला आलेल्या बाईला ती नाव विचारत नाही. विचारते, “उद्या काय काम हाय?” उद्या मिरच्या कुटायच्या असतील, हरभरा खुडायचा असेल, पाहुण्यांच्या भाकरी असतील, तर ती बाईला दारातूनच परत पाठवते. “उद्याचं उरकून या. जेल निघाल्यावर नख लई हळवं असतंय, बाळंतिणीसारखं जपावं लागतंय.” आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारं दुसरं दुकान मी तरी पाहिलेलं नाही. बाजारात नवं पार्लर निघालंय, तिथं पाच मिनिटांत पत्तीनं खरडून देतात. आत्या त्या पार्लरचं नाव घेत नाही. “ती खुरपणी” म्हणते.

तिची स्वतःची रीत म्हणजे एक सोहळाच. नखं घासायच्या फाईलनं वरची चमक तेवढी हलकी मोडायची, कातडीला खोबरेल, नखावर जेल विरघळवणाऱ्या ॲसिटोनचा कापूस, त्यावर चांदीसारख्या फॉईलची टोपी. मग पंधरा मिनिटं थांबायचं. घड्याळावर तिचा विश्वास नाही. ती मागच्या स्वयंपाकघरात जाऊन, मधलं दार लावून चहा टाकते. ॲसिटोनजवळ काडी ओढायची नाही, हा तिचा आणखी एक कायदा. चहा उकळून, गाळून, पिऊन होईपर्यंत टोपी निघत नाही. पण दहा बोटांना टोप्या घातलेली बाई कप धरणार कशी? म्हणून आत्या चहा बशीत ओतते, फुंकते आणि स्वतः तिच्या तोंडाला लावते. नाक खाजलं तर कंगव्याच्या दांडीनं खाजवून देते. फोन वाजला तर कानाला धरते, आणि पलीकडे सासू असेल तर स्वतःच बोलते. एकदा कचेरीतल्या एक मॅडम घाईला आल्या. “अहो, ओढून काढा, मला मीटिंग आहे!” आत्या म्हणाली, “मीटिंगला नखं लागत्यात का? बसा.” तरी जेल सुटलं नाही, तेव्हा पुन्हा कापूस, पुन्हा टोपी, पुन्हा चहा. मॅडमनी मीटिंग फोनवरच उरकली. फोन अर्थातच आत्यानं धरला होता.

शेवटी तेल चोळून ती हातात चिठ्ठी ठेवते: “नखं हळवी आहेत. गरम पाण्यात हात घालणं, मळणं, खुडणं, तिखट कालवणं तीन दिवस बंद.” खाली सही, आणि ती अशी की एकदा मेडिकलवाला त्या चिठ्ठीवरून कपाटात औषध शोधत बसला होता.

शनिवारी सारिका आली. तिचा उजवा हात बघून आत्यानं ॲसिटोनची बाटली बाजूला सारली. त्या पाच नखांना तिनं नुसतं तेल लावलं, डाव्या हाताचं जेल रीतसर काढलं आणि चिठ्ठी दिली. रविवारी सकाळी तीच चिठ्ठी नाचवत सारिकाची सासू दारात.

“कुठल्या डागतर हो तुम्ही? सून तीन दिवस बसली तर पंधरा माणसांच्या भाकरी कुणी थापायच्या?”

मी तिथंच होते. मी बायकांच्या हक्कांची पत्रकं गावोगाव वाटणारी, त्यामुळं माझं भाषण तयारच होतं. आत्यानं मला डोळ्यांनीच गप्प केलं. तिचं लक्ष सासूबाईंच्या बोटांकडं होतं. लग्नात त्यांनीही हौसेनं जेल लावलं होतं आणि तीन नखांवरचं दातानं उपटलं होतं.

“बसा विहीणबाई. आग होतीया का न्हाय?”

“होतीया की. गरम पाण्यात हात घातला की जीव जातोय. पर सांगायचं कुणाला?”

तीन बोटांना तेल, सात बोटांना टोप्या. आत्यानं बशी फुंकून त्यांच्या तोंडाला लावली. पहिली बशी त्यांनी डोळे मिटून संपवली. दुसरीला म्हणाल्या, “आई गेल्यापासून मला असा चहा कुणी पाजला न्हाय बघा.” तिसरीला हळूच म्हणाल्या, “पोरीच्या हाताला ब्लेड लावाया नको हुतं.”

आत्यानं दुसरी चिठ्ठी लिहिली. संध्याकाळी नणंदही आपली जेलची नखं घेऊन आली, तिला तिसरी. त्या घरात परातीला हात लावणाऱ्या तिघी, आणि तिघींच्या हातात चिठ्ठी. मग सासऱ्यांनी परात ओढली. पहिली भाकरी तव्याला चिकटली, दुसरी हातातच फाटली, तिसरी सगळ्यांनी कालवणात चुरून खाल्ली. तीन दिवस हेच चाललं. सारिकाच्या नखांची आग शमली.

परवा आत्या भांडी घासत होती, तेव्हा मी तिची नखं पहिल्यांदा नीट पाहिली. इतक्या वर्षांच्या ॲसिटोननं पांढरी पडलेली, टोकाला चिरलेली. दोन बोटं तिनं पाण्याबाहेर उचलून धरली होती.

“आत्या, तुझी चिठ्ठी कोण लिहितं गं?”

ती हसली. “मला कोण इचारतंय, उद्या काय काम हाय म्हणून?”

मी पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चिठ्ठी लिहून तिला दिली. तिनं ती वाचली, घडी करून आरशाच्या कोपऱ्यात खोचली आणि उरलेली भांडी घासायला बसली.

म्हणून ही मागणी तुमच्याकडं, वाचणाऱ्याकडं. घरातल्या बाईला आज विचारा, उद्या काय काम आहे. आणि त्यातलं परातीतलं काम तीन दिवस तुम्ही करा. उठा, आधी हात धुऊन या.