दादांची खोली, होती तशी

माझे साडू सिनेमावाल्यांना जागा शोधून देतात. गेली तीस वर्षं हा माणूस परक्या घरांची दारं वाजवतो आहे. लग्नाला आले तरी नवरा-नवरीआधी छताकडे पाहतात, मग खिडक्यांकडे, आणि विचारतात, "इथं मोठी गाडी कुठपर्यंत येते?"

त्यांचा नियम एकच. कामाआधी घराच्या कोपऱ्याकोपऱ्याचे फोटो काढायचे, आणि काम संपलं की फोटो समोर धरून घर होतं तसं करून द्यायचं. एका बाईंचं कॅलेंडर त्यांनी वाकडंच टांगून दिलं, कारण ते मुळात वाकडं होतं. आजवर एकाही घरानं दुसऱ्या खेपेला त्यांना नाही म्हटलेलं नाही, याचा त्यांना कोण अभिमान.

यंदा त्यांची नजर आमच्या जिन्यावर पडली. खालचं घर माझ्या थोरल्या भावाचं, वर आम्ही नवरा-बायको. दादा रेडिओ दुरुस्त करायचे. आताही करतात, फक्त गिऱ्हाईक येत नाही. त्यांच्या खोलीत टेबलावर, पलंगावर, उशीखाली स्क्रू, वायरी आणि पोट उघडलेले रेडिओ. चित्रीकरण जिन्यावर, आणि दादांची खोली नटांचे कपडे ठेवायला, असं ठरलं. दादा चार दिवस मुलीकडे गेले.

ते गेले सकाळी, फोटो निघणार होते दुपारी. मधले चार तास माझे. मी कॉमर्सचा माणूस. पसारा दिसला की माझ्या घशाखाली घास उतरत नाही. जाडीप्रमाणे स्क्रू बाटल्यांत भरले, रंगाप्रमाणे वायरी डब्यांत, प्रत्येकावर चिठ्ठी. साडू फोटो काढताना म्हणाले, "दादा फारच टापटिपीचे निघाले की." मी मान डोलावली.

पाचव्या दिवशी दादा परतले आणि दारातच थबकले.

"ही कोणाची खोली?"

"तुमचीच की," साडू म्हणाले. "हा फोटो बघा."

"फोटोही तुमचा, खोलीही तुमची. माझी होती ती द्या."

नेमका जिन्यावरचा एक प्रसंग उरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी मंडळी येणार, आणि दादांनी जिन्याच्या दाराची किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली. "खोली मिळाली की किल्ली."

साडूंचा चेहरा उतरला. तीस वर्षांत पहिलं घर नाही म्हणत होतं, आणि तेही नात्यातलं. शेवटी मी कबूल केलं.

"मला वाटलंच," बायको म्हणाली. "स्वयंपाकघरातले डबेही हे उंचीप्रमाणे लावतात. मीठ लहान डब्यात, म्हणून ते सगळ्यात वरच्या फळीवर."

साडूंनी मोबाइल चाळला. पहिल्यांदा आले तेव्हा नुसता उजेड पाहायला त्यांनी खिडकीचा एक फोटो घेतला होता. त्यात अर्धा पसारा सापडला. उरलेला अर्धा दादांच्या डोक्यात होता.

संध्याकाळपर्यंत दादा खुर्चीत बसून सांगत होते आणि मी बाटल्या उपड्या करत होतो. "लांब स्क्रू उशीखाली. अरे, ओततोस काय? सांडल्यासारखे सांड." साडू फोटोवर बोट ठेवून तपासत होते. वायरींचा गुंता मला तीनदा करावा लागला. माझ्या हातून वेणीच पडत होती.

मग दादांनी डोळे मिटून हात लांब केला. हाताला नेमका स्क्रू ड्रायव्हर लागला. "ही माझी खोली," म्हणून त्यांनी किल्ली दिली.

सकाळी दिग्दर्शक जिन्याकडे जाता जाता उघड्या दारापाशी थांबला. "ही खोली मला का नाही दाखवलीत?"

"दाखवली होती," साडू म्हणाले. "फोटो पाहून तुम्हीच म्हणालात, औषधाचं दुकान वाटतंय."

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा. दादांना विचारलं, "नटाला इथं तासभर बसवू? कशाला हात लागणार नाही."

"बसू दे," दादा म्हणाले. "पण आमच्या धाकट्याला जिन्याखाली बसवा."

तासभर मी जिन्याखाली होतो. तिथं मंडळींच्या चपलांचा ढीग पडला होता. साडूंनी त्याचा आधीच फोटो काढून ठेवला होता.