कराचीहून पोखर्णीला

पोखर्णीच्या किशनराव मास्तरांनी उभ्या जन्मात विमान पाहिलं नव्हतं. पण कुठून निघालं म्हणजे कुठे केव्हा पोचणार, हे सांगण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. लग्नाचं वऱ्हाड असो की कचेरीतली तारीख, गाडी किती वाजता जुंपायची हे मास्तरांना विचारूनच ठरायचं. वाटेत ओढ्यावर बैलांना पाणी पाजायचा अर्धा तासही ते गणितात धरत.

१९३८ साली शेजारचे शिवाप्पा अंथरुणाला खिळले. त्यांचा एकुलता एक मुलगा सिद्रामप्पा कराचीच्या विमानतळावर यंत्रं पुसायच्या कामाला होता. बोलावण्याला त्याची उलट तार आली, ती शिवाप्पांच्या बायकोने, सिद्धम्माने, थेट मास्तरांपुढे धरली. साहेबाने मेहरबानी करून टपालाच्या पोत्यांशेजारी जागा दिली आहे, उद्या पहाटे विमानाने हैदराबादेला निघतो, एवढंच तारेत होतं.

मास्तरांनी शाळेच्या नकाशावर सुतळी लावली. अहमदाबाद, मुंबई, मग हैदराबाद, असे हजारेक मैल. तासाला शंभर मैल म्हटले तरी दिवस मावळायच्या आत हैदराबाद, रात्रीच्या रेल्वेने सकाळी परभणी आणि तिथून बैलगाडीने घर.

"परवा दुपारी बाराला पोरगं दारात," ते म्हणाले. "तेवढा दम धरा, शिवाप्पा."

वैद्याने केव्हाच हात टेकले होते, तरी त्या माणसाने खरोखर दम धरला. "कुठवर आलाय?" एवढंच ते विचारायचे. मास्तर उशाशी बसून सांगायचे, "अहमदाबाद मागं पडलं." मग, "मुंबई सोडली."

परवाचे बारा वाजले. परभणीला पाठवलेली गाडी रिकामीच अंगणात शिरली. सिद्धम्माने गाडीकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

"कुठवर?" शिवाप्पांचे ओठ हलले.

खोटं बोलणाऱ्या पोरांना मास्तरांनी आयुष्यभर छड्या दिल्या होत्या.

"आला, शिवाप्पा. अंगणात बैलं सोडायलाय."

बाहेर घुंगरं वाजत होती. शिवाप्पांनी मान दाराकडे वळवली. चेहरा निवला, आणि तसाच राहिला.

संध्याकाळी त्यांना माती दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी सिद्रामप्पा आला. अहमदाबादेला उतरेपर्यंत ढग दाटले होते, म्हणून विमान रात्रभर तिथेच थांबवलं होतं. बैलांचा विसावा न विसरणाऱ्या मास्तरांच्या डोक्यात विमानाचा विसावा आलाच नव्हता.

"मास्तर," त्याने विचारलं, "आप्पा माझी वाट बघतच गेले का?"

"न्हाई रे बाबा," मास्तर म्हणाले. "तू आलास, असं समजून गेले."

सिद्रामप्पा त्यांच्या गळ्यात पडून लहान लेकरासारखा रडला. मास्तर मात्र म्हणत राहिले, "मी सांगितलं त्यांना. मीच सांगितलं."