‘दिसतायत’चं ‘हायत’ झालं

मंगळवार पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाला पिठाची गिरणी आहे. ती चालवणारे गृहस्थ फौजेतून निवृत्त झालेले. "दळण झालं का?" असं विचारलं की ते लगेच "व्हय" म्हणत नाहीत. आधी डब्यात हात घालतात, पीठ चिमटीत घेऊन बघतात आणि मग गिरणीच्या आवाजावर ओरडतात, "झालंय की."

परवा मी दळणासाठी थांबलो होतो. शेजारचे मास्तर पेपर वाचत होते. त्यात बातमी होती की परदेशात एका देशाकडे घातक शस्त्रं असल्याच्या खबरेवरून युद्ध झालं, आणि शस्त्रं सापडलीच नाहीत.

"यात दोष कुणाचा?" मास्तरांनी विचारलं. "खबर देणाऱ्याचा की हुकूम देणाऱ्याचा?"

गिरणीवाल्यांनी चालू दळण थांबवलं. असं करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"चौकीवर असताना मी कळवलं, पलीकडं हत्यारं घेतल्याली माणसं दिसतायत. वर जाईस्तवर 'दिसतायत'चं 'हायत' झालं. दोन्हीकडनं तोफा चालल्या. मागनं कळलं, ती जळण न्हेणारी माणसं हुती. त्यातली दोघं गेली."

"मग चूक वरच्यांची," मास्तर म्हणाले.

"वरचं म्हणत्यात, तू कळवलंस म्हणून."

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"धुकं हुतं. ते मी सांगितलं न्हाय. पर त्यांनी बी इचारलं न्हाय की."

एवढं बोलून ते माझ्याकडे बघत राहिले. मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे मलाच कळलं नाही.