आधी कोण पोचलं

ट्रॉय गावातल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये दर शनिवारी अमेरिका नव्यानं सापडायची. शोधणारे दोघं. एक आमचे हे, मोटारींच्या कंपनीत इंजिनियर. दुसरे डॉक्टर, ह्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे, नागपूरकडचे. मी चौथीपर्यंत शिकले. अमेरिका शोधली म्हणून इथे ज्याच्या नावानं ऑक्टोबरात सुट्टी असते तो खलाशी पाचवीच्या पुस्तकात असावा. आमची गाठ पडली नाही. मी साबुदाणा वडे तळायचे आणि ऐकायचे.

ह्यांचं म्हणणं, त्या सुट्टीवाल्याच्या कितीतरी आधी चिनी इथे आले. त्यांची जहाजं केवढाली होती, आणि कॅलिफोर्नियाच्या समुद्रात भोकं पाडलेले दगड सापडले ते त्यांचेच नांगर. डॉक्टर अरबांच्या बाजूचे. अरब खलाशी काळोखाच्या समुद्रात शिरले आणि पलीकडून माल घेऊन परत आले, असं कुठल्याशा जुन्या अरबी ग्रंथात आहे म्हणे. एरवी डॉक्टरांना अरबांचं काही कौतुक नव्हतं. पण चिनी ह्यांनी घेतल्यावर अरबच उरले होते.

"तुमचे चिनी पोचले असतील हो," डॉक्टर म्हणायचे, "पण पोचल्याचं कळवलं कुणाला?"

तिथे हे अडकायचे. मग आवाज चढवायचे. "नकाशा नाही, पाटी नाही. वाऱ्यावर आणि ताऱ्यांवर आले. त्या खलाशांना अक्षरओळख तरी होती का? धाडस लागतं, यार." एका गोष्टीवर मात्र दोघांचं जमायचं. जहाज कुणाचंही असो, वाट दाखवायला त्यावर कोकणातला माणूस असणारच.

आमच्या खिडकीतून रस्त्यापलीकडचं दुकान दिसायचं. तिथे कोथिंबीर मिळायची. मालक अरबच, पण तो कसा पोचला हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. मधला रस्ता नुसत्या गाड्यांचा, पायी ओलांडायची सोय नाही. कोथिंबीर संपली की शनिवारी हे गाडीनं नेतील, याची मी वाट बघायचे. आमची जुनी गाडी विकायची म्हणून खाली नुसती उभी होती. ती चालवायला शिकू का, असं मी एकदा विचारलं. हे म्हणाले, "तुला बोर्ड वाचता येणार आहेत का?"

वरच्या मजल्यावर एक चिनी बाई राहायची. चिन्यांवर इतकं प्रेम असून हे तिच्याशी एकदाच बोलले होते, तेही तिच्या मासळीचा वास येतो म्हणून. माझी तिची ओळख कपडे धुवायच्या खोलीत झाली. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच, त्यामुळे आमचं छान जमलं. हे कामावर गेले की ती मला तिच्या गाडीवर शिकवायची. लेखी परीक्षेचे प्रश्न वाचून दाखवतात, हेही तिनंच शोधून काढलं. ती परीक्षा मी पास झाले आणि घरात कुणाला बोलले नाही. राहिली होती गाडी चालवून दाखवायची.

गणपतीत मंडळात ह्यांचं भाषण ठरलं. स्लाइड्स तयार झाल्या. त्याच्या आठवडाभर आधी, शनिवारी, डॉक्टर म्हणाले, "अहो, वर खरा चिनी माणूस असताना पुस्तकं कशाला चाळताय? त्या बाईंनाच बोलवा."

ती आली, चपला दाराशी काढून. ह्यांनी तिच्यापुढे दगडाचा फोटो ठेवला आणि बहिऱ्याशी बोलावं तसं सावकाश विचारलं, "युवर पीपल. बिग शिप. कम टू अमेरिका. व्हेरी ओल्ड टाइम. यू नो?"

तिनं फोटो नीट पाहिला. "आय कम बाय प्लेन," ती म्हणाली.

डॉक्टर हसले. तिला वाटलं असावं, आता काहीतरी चांगलं बोलावं. ह्यांच्याकडे वळून म्हणाली, "युवर वाइफ गुड ड्रायव्हर. थर्सडे, टेस्ट."

माझा झारा तेलातच राहिला. हे फोटोतल्या दगडाकडे बघत बसले.

"काय वहिनी," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही तर पोचलेल्या निघालात."

सगळे गेल्यावर मी भांडी घासत होते. हे मागे येऊन उभे राहिले. "टेस्ट कॅन्सल कर. एक बोर्ड चुकलीस तर कुठल्या कुठे जाशील."

मी फारसं बोलत नाही. नळ सुरू होता म्हणून बोलता आलं. "त्या खलाशांना कुठे वाचता येत होतं? तुम्हीच सांगता."

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

ह्यांनी फडकं घेतलं आणि पुसून ठेवलेली कपबशी पुन्हा पुसली.

मी काही कॅन्सल केलं नाही. गुरुवारी पास झाले. घरी येऊन जुन्या गाडीची किल्ली खिळ्यावरून काढली आणि रस्ता ओलांडला. दुकानाबाहेर फोन होता. आमच्या माहेरी पोचल्यावर कळवायची पद्धत, म्हणून ह्यांच्या ऑफिसात लावला.

"मी पोचले."

"कुठे?"

"समोर. कोथिंबिरीच्या दुकानात."

"गाडी कुणी आणली?"

"मीच."

मग म्हणाले, "परत कशी येणार?"

"आले तशी," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

रविवारी मंडळात भाषण झालं. टाळ्या पडल्या. चिनी आले, मोठ्या जहाजांतून आले, कोकणातल्या माणसालाही घेऊन आले. खलाशांना अक्षरओळख नव्हती, हे वाक्य तेवढं ह्यांनी गाळलं. माझ्या ते लक्षात आलं. दुसऱ्या कुणाच्या यायचं कारण नव्हतं.