रिकाम्या घाटाची बारी

बैलगाड्यांच्या शर्यती मी वीस वर्षं पुकारतोय. आमच्या मावळात शर्यतीच्या चढाला घाट म्हणतात आणि त्यावरच्या एका दौडीला बारी. बारी जेमतेम बारा सेकंदांची, पण तेवढ्यात माझं तोंड जे चालतं ते विचारू नका. माझ्याआधी आबा, म्हणजे माझे वडील, पुकारायचे, तेही बिनमाइकचे. वीस वर्षांत त्यांनी मला एकदाही ‘बरं बोललास’ म्हटलं नव्हतं. घरी आलो की ठरलेलं वाक्य, “लय बडबडतूस. बैल पळतोय का तू?”

गेल्या वर्षी गावच्या यात्रेआधी आबांचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, ओसरीवर खाट पडली. नेमकं त्याच यात्रेत आमच्या तांबड्या बैलाची शेवटची बारी करायची, असं त्यांनी आधीच ठरवलं होतं. वासरू असल्यापासून त्यांनी त्याला वाढवलं. त्याची एकही बारी त्यांनी चुकवली नव्हती. आता शेवटचीच चुकणार म्हणून माणूस दोन दिवस धड जेवला नाही.

“आबा, काळजी करू नका, लाईव्ह आहे,” मी म्हणालो.

पूर्वी लाईव्ह म्हणजे केवढं प्रकरण! एकदा उर्से टोलनाक्यावर वाहतूक तुंबली तेव्हा टीव्हीवाल्यांची डोक्यावर तबकडी घेतलेली गाडी आली होती. आम्ही आमच्या वडिवळ्याहून मोटारसायकली काढून ती गाडी बघायला गेलो, तुंबलेली वाहतूक राहिली बाजूला! आता कामशेतचा एक लग्नाचं शूटिंग करणारा येतो. तीन कॅमेरे, एक लॅपटॉप आणि चार सिमकार्डं घातलेली एक डबी, झालं त्याचं चॅनल. दुबईत बसलेला आपला माणूस तिथून लिहितो, ‘भाऊ, टोपी सरळ करा.’ माझी टोपी, माझं डोकं, आणि हा दुबईहून सांगणार!

आबांच्या हातात फोन दिला, शेजारच्या मावशींना जवळ बसवलं आणि मी घाटावर गेलो. घाट आमच्या घरासमोरच्याच माळावर, पण मधल्या झाडीमुळे ओसरीवरून दिसत नाही. पहिली बारी झाली, मी दणक्यात सेकंद आणि नंबर पुकारले आणि लगेच खिशातला फोन वाजला. आबा.

“आरं ए शाण्या! हितं बैल अजून सुटला न्हाई आन् तू नंबर देऊन मोकळा झालास?”

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कर्ण्याचा आवाज थेट ओसरीवर पोचत होता आणि फोनमधला बैल मागून रमतगमत येत होता. मी तसाच शूटिंगवाल्याकडे गेलो. “याला लाईव्ह म्हणतोस तू?”

तो शांतपणे म्हणाला, “भाऊ, चित्र वर जाऊन खाली यायला पंचवीस सेकंद लागतातच. जगात सगळीकडे असंच आहे.”

“जगाचं मला काय सांगतोस! माझा बाप समोरच्या ओसरीवर आहे.”

आबांना पुन्हा फोन लावला. कानात कापसाचे बोळे घाला म्हटलं, तर हळूच म्हणाले, “बोळं घातल्यावर तुजं पुकारनं कसं ऐकू येईल?”

वीस वर्षं बडबड म्हणणारा माणूस हा!

तांबड्याची बारी आली. निशाण पडलं आणि मी माइक बंद केला. बैल उधळले. तांबडा मान खाली घालून असा सुटला की माझ्या घशात आरोळी आली, ती मी तशीच गिळली. लोक ओरडायला लागले, “अहो, माइक गेला काय?” बारी संपली, घड्याळवाल्याने चिठ्ठी माझ्या हातात कोंबली, कमिटीतले एक काका माझी बाही ओढू लागले. मी मनात आकडे मोजत होतो. तेवीस, चोवीस, पंचवीस.

आणि माइक सुरू केला.

“सुटला रं सुटला! तांबडा सुटला!”

समोर घाट रिकामा. तांबडा वर उभा राहून धापा टाकत होता आणि मी मोकळ्या मातीकडे हात करून घसा फोडत होतो. डावीकडून उचलला, मधे आला, अंगावर भंडारा पडला, सगळं जसं बघितलं तसं सांगितलं. “झाली, झाली, झाली! तांबडा पहिल्या नंबरात!” अख्खा घाट पोट धरून हसत होता. सकाळपासूनच घेतलीय वाटतं, असंही कोणीतरी म्हणालं. म्हणू दे. मागून दुबईवाल्याचं आलंच, ‘भाऊ, झोपला होता काय?’

इतक्यात फोन वाजला. आबा. पलीकडे मावशी टाळ्या वाजवत होत्या.

“बघितला रं. डोळं भरून बघितला,” आबा म्हणाले. “आन् तू... आज अगदी येळेवर बोललास.”